दुसरीच्या वर्गातली माटोळी

श्रावण सरत आला की आमच्या पेडण्याच्या बाजारात रान उतरतं. एरवी जिथे कांदे-बटाट्यांचे ढीग असतात तिथे डोंगराकडच्या बायका सकाळपासून ओळीने बसतात, आणि त्यांच्यासमोर केळीच्या पानांवर करमलं, आंबाडे, तोरिंजनं, माट्टीची फळं, हिरव्या सुपाऱ्यांचे घोस मांडलेले असतात. चवथीला गणपतीच्या डोक्यावर आम्ही लाकडी चौकट टांगतो आणि ही सगळी फळं तिला बांधतो. ती माटोळी. पिशवी घरी आणेपर्यंत ओल्या पानांचा, चिकाचा, थोडा कुजल्याचा असा एक वास हाताला लागतो आणि दोन दिवस जात नाही. घरातल्यांना त्या वासाने चवथ आठवते. मला एक वर्गखोली आठवते, आणि तिच्या दारात उभा असलेला मी.

यंदा तो वास घरात यायच्या आधी शर्वाणी आली. आमच्या गावच्या सरकारी प्राथमिक शाळेतली ही नवी शिक्षिका. हरमलची. वडील पर्यटकांना खोल्या देतात, भाऊ भाड्याने स्कूटर देतो, आणि ही त्यातलीच एक स्कूटर काढून रोज आमच्या आडगावात पहिली-दुसरीला शिकवायला येते. बाल्कांवात, म्हणजे पुढच्या ओसरीवर, बसून तिने सांगितलं, की तिला मुलांकडून वर्गात कागदाची आणि मातीची माटोळी करून घ्यायची आहे. चवथीच्या सुट्टीआधी आईबापांनी येऊन बघावी, एवढीच हौस. पण पालकांच्या बैठकीत विषय काढला तर जाणत्या माणसांनी माना हलवल्या. या शाळेत पूर्वी कुंदा बाई म्हणून होत्या, त्यांनी सुतकातल्या पोरीच्या हातचं फळ माटोळीला बांधलं, त्या वर्षी गावाला ते बाधलं, आणि तेव्हापासून शाळेत माटोळी नाही. कुणीतरी तिला म्हणालं, मास्तरांना विचार, ते होते.

"सर, खरंच तसं झालं होतं?"

माझी बायको शालिनी आतून चहा घेऊन येत होती, ती उंबऱ्यातच थांबली. मी शर्वाणीला म्हणालो की पुढच्या बैठकीला येतो आणि तिथेच सांगतो. शालिनीने कप ठेवले आणि माझ्याकडे न बघता आत गेली. तिचं थांबणं शर्वाणीच्या लक्षातही आलं नसेल.

डिचोलीकडच्या खाणी जोरात चालू होत्या तेव्हाची गोष्ट. शाळा दोन खोल्यांची. तिसरी-चौथी माझ्याकडे, पहिली-दुसरी कुंदा बाईंकडे. मधल्या भिंतीला वर जाळी होती, त्यामुळे इकडचे पाढे तिकडे आणि तिकडची गाणी इकडे. मी मोठा म्हणून मुख्याध्यापक. चित्रकलेच्या परीक्षा दिलेला, हाताला वळण असलेला माणूस अशी माझी ख्याती होती आणि ती मला फार प्रिय होती. फळ्यावरची तारीख मी रंगीत खडूने सजवून लिहायचो. दिवाळीला काढलेली पणती महिनाभर कुणी पुसायची नाही असा दंडक होता. शुक्रवारी दुपारी हस्तकला असायची. माझ्याकडे पुठ्ठ्याचे साचे होते: होडी, घर, माड, मोर. मुलांनी साचा कागदावर ठेवायचा, पेन्सिल फिरवायची, कापायचं, चिकटवायचं. मग सगळे मोर दोरीला ओळीने लागायचे, सगळ्यांची मान एकाच बाजूला. तपासणीला आलेले साहेब म्हणायचे, काय टापटीप आहे. मला तेवढं पुरायचं, कुंदा बाई येईपर्यंत.

त्या इब्रामपूरच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. लावणीच्या दिवसांत पहाटे शेतात उतरून मग बस धरायच्या, आणि कधीकधी पायाला वाळलेला चिखल तसाच असायचा. चित्र काढणं त्यांना मुळीच येत नव्हतं. एकदा त्यांनी फळ्यावर गाय काढली तर पहिलीची मुलं हसून लोळली, आणि बाईही त्यांच्याबरोबर हसल्या. ते हसणं मी जाळीतून ऐकलं आणि मला बरं वाटलं. या बाईपासून आपल्याला धोका नाही असं वाटलं असणार. तेव्हा हा शब्द मनात आला नव्हता, आज येतो.

शुक्रवारी त्या मुलांना शाळेमागच्या व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, न्यायच्या. मुलं चिकणमाती, शेंगा, पिसं, नारळाची सोडणं, काय मिळेल ते घेऊन यायची आणि जमिनीवर गोल बसायची. बाई काय शिकवतात ते बघायला मी एकदा काहीतरी निमित्त काढून दारात गेलो. त्या काहीच शिकवत नव्हत्या. एक पोर मातीचा बेडूक करत होतं, त्याला त्या विचारत होत्या, "ह्याचं पोट खंय आसा? जेवलेला आसा का उपाशी?" पोराने विचार केला आणि अंगठ्याने बेडकाचं पोट दाबलं. उपाशी बेडूक. तो मातीचा गोळा असा काही खपाटीला गेलेला दिसला की मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. माझ्या दोरीवरचे मोर जेवलेले होते की उपाशी, हे मला सांगता आलं नसतं.

हेवा एकदम येत नाही. माझ्याकडे तो जाळीतून आला. शुक्रवारी पलीकडे कसलातरी कल्ला व्हायचा आणि माझी चौथीची मुलं बाकावर चढून बघायची. मी ओरडलो की उतरायची, पण कान तिकडेच. माझी मुलगी मेधा बाईंकडे दुसरीत होती. तिने करवंटीची कुर्ली करून आणली, नांग्या शेवग्याच्या शेंगेच्या. शालिनीने ती टीव्हीवर ठेवली, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवताना म्हणायची, "बाईचो हात बरो." बाईंनी तिला हातही लावला नव्हता. मेधानेच ते सांगितलं, आणि म्हणूनच ते मला जास्त लागलं. मी साचा घरी आणून तिच्याकडून मोर करून घेतला होता, तो कुठे गेला कुणास ठाऊक.

मग मी मुख्याध्यापक झालो, म्हणजे होतोच, पण आता त्या पदाचा उपयोग करू लागलो. मातीच्या हातांनी वह्या खराब होतात. पावसात मुलांना व्हाळावर नेऊ नका. गोंदाच्या बाटल्या मी माझ्या कपाटात ठेवल्या आणि किल्ली खिशात. बाई "हो सर" म्हणाल्या आणि दुसऱ्या शुक्रवारी घरून भाताची खळ करून घेऊन आल्या. त्यांनी भांडण केलं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्या माझ्यावर रागावतही नव्हत्या. मी त्यांच्या खिजगणतीत नाही असं मला वाटायचं, आणि त्यांच्या लेखी मी फक्त एक सहकारी होतो हे ध्यानात यायला फार उशीर झाला.

त्या वर्षीच्या श्रावणात त्यांनी वर्गात माटोळी करायची ठरवली. बांबूची चौकट घरून आणली. नियम एकच होता: प्रत्येकाने एक फळ करायचं, आणि ते घरच्या कुणाबरोबर तरी रानात जाऊन आधी बघून यायचं. झाडावर, वेलीवर, जिथे असेल तिथे. बाजारातलं चालणार नाही. सगळा गाव त्या पंधरवड्यात पोरांबरोबर डोंगर चढत होता. ज्यांच्या घरात बाप आणि मूल एकमेकांशी चार शब्द बोलत नसत, ते भर पावसात एका छत्रीखाली माट्टीचं झाड शोधत होते. मला कुणी विचारलं नाही. मेधा तिच्या आईबरोबर गेली.

वैजंती नावाची मुलगी होती त्या वर्गात. दोडामार्गाकडची माणसं, बाप डिचोलीला खाणीवर टिप्पर चालवायचा, आणि शाळेजवळ एका भाड्याच्या खोलीत ती राहायची. आठवड्याभरापूर्वीच तिचे आजोबा गावी वारले होते. बाप तिकडे दिवस करायला गेला होता, आई धाकट्यांना घेऊन इथे होती. घरात सुतक, म्हणजे त्यांच्याकडे चवथ नाही, माटोळी नाही. मधल्या सुट्टीत बाईंनी मला हे सांगितलं, आणि म्हणाल्या, "तिचं फळ मधोमध बांधते, सर. तेवढंच तिला." सहकाऱ्याला सांगावं तसं सांगितलं.

तिने कवंडळ केलं होतं. रानातल्या वेलीवर लागतं हे लाल फळ, लिंबाएवढं, अंगावर फिकट रेषा असलेलं. बाईंच्या खिडकीत ते वाळत ठेवलं होतं. वर्गात कुणी नव्हतं. मी ते हातात घेतलं. मातीचंच होतं, पण पिकलेल्या फळाला खालच्या बाजूला जो जडपणा येतो तो त्यात होता. देठापाशी साल किंचित आत ओढलेली. आणि तो रंग. शाळेच्या रंगपेटीत तसा लाल नव्हता. नंतर कळलं, बाप गावी जाताना दाराशी लावून गेलेल्या टिप्परच्या चाकांना आणि मागच्या रबराला लागलेली खाणीची लाल धूळ तिने ओल्या फडक्याने टिपून आणली होती आणि हळदीत कालवली होती. सांगितलं कुणी नव्हतं. मी फळ जागेवर ठेवलं तेव्हा बोटं लाल झाली होती. इतक्या वर्षांत मला असा एक गोळा जमला नव्हता. बाईंचा हेवा तोवर मला सवयीचा झाला होता. त्या दिवशी मला सात वर्षांच्या पोरीचा हेवा वाटला, आणि तो मला सहन झाला नाही.

दुसऱ्या दिवशी भटजी आमच्याकडे आले होते. शालिनी चहा ओतत होती. मी सहज विचारावं तसं विचारलं, की शाळेत मुलं कागदा-मातीची माटोळी करतात, त्यात एका घरी सुतक आहे, तर? भटजी हसले. "मातयेच्या फळाक कसला सुतक, मास्तर? पोरांचो खेळ तो." विषय तिथेच संपला. हे मी मुद्दाम लिहितो आहे. मला उत्तर माहीत होतं.

सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी दुपारी आईबाप, आज्या, सगळे दुसरीच्या वर्गात आले. चौकट छताला टांगलेली, आणि तिला कागदाची तोरिंजनं, मातीची करमलं, सुतळीचे सुपारीचे घोस. मधोमध वैजंतीचं कवंडळ. लोक खाली बसून वर बघत होते, जसं घरी बघतात. कुणीतरी हात जोडले. वैजंतीची आई मागे भिंतीला टेकून उभी होती, तिनेही मुलीला वर बोट करून दाखवलं. मी दारात होतो. कुणी माझ्याकडे वळून बघितलं नाही, आणि बाई कुणाशीतरी हसून बोलत होत्या.

मी म्हणालो, "बाई, वैजंतीच्या घरी सुतक आहे ना? नाही, आपलं सहज विचारलं."

हळू म्हणालो. पुढे बसलेली एक म्हातारी उठली, "मगे आमच्या नातवाच्या फळाक तां लागला न्हय?" म्हणाली, आणि नातवाचं करमल सोडवू लागली. तिच्यामागून दुसरी उठली. कुणी भांडलं नाही, कुणी वैजंतीला काही बोललं नाही. सगळे खाली मान घालून आपापल्या पोराचं फळ सोडत होते, जणू चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलेली माणसं चपला शोधत होती. बाई माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांना एक वाक्य बोलू शकलो असतो, भटजींचं. शालिनीसुद्धा माझ्याकडेच बघत होती. शेवटी चौकटीवर एकच फळ उरलं. वैजंती बाकावर चढली, तिने ते स्वतःच सोडलं आणि फ्रॉकच्या खिशात घातलं.

घरी आल्यावर शालिनी एवढंच म्हणाली, "भटान काय सांगल्यान, तां मिया आयकलंय." पुन्हा तिने हा विषय कधीही काढला नाही. मेधाचं तोरिंजन तिने सोडलं नव्हतं हेही मला नंतर कळलं. ते मेधाने इतरांचं बघून सोडलं होतं.

त्या पावसाळ्यात कुणाचा तरी बैल दगावला, एका घरात ताप आला. दर पावसाळ्यात होतं तेच. पण आता त्याला कारण सापडलं होतं. बाईंनी बदली मागून घेतली आणि डिचोली तालुक्यात गेल्या. वैजंतीच्या बापाने खोली बदलली. आणि मी उरलो, गावाची रीत सांभाळणारा मास्तर म्हणून. निवृत्त झालो तेव्हा शाल-श्रीफळ देताना एका भाषणात हेही कौतुकाने सांगितलं गेलं.

तर यंदा शर्वाणीच्या बैठकीत मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. भटजींचं वाक्य सांगितलं. हेवा हा शब्द वापरला. या गावात माझ्याकडे त्या मानाखेरीज दुसरं काही नाही, आणि तो आता जाणार अशी माझी खात्री होती. मग माझ्याच वयाचा एकजण उठला, त्याने माझा हात धरला. "मास्तर, तुमचा मन मोठा. बाईचो दोष आपल्यार घेतलास." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही नाही म्हणत राहिलो, तसतसे ते आणखी हलून गेले. माटोळीला परवानगी मिळाली. चहाबरोबर पोदेराकडचे उंडे, म्हणजे गोल पाव, आणि भाजी होती. शालिनी घरी येताना वाटेत थांबली आणि पदर तोंडाला लावून हसली, पुष्कळ वेळ.

शर्वाणीच्या वर्गात मुलं आता फळं करतात. ती मोबाइलवर फोटो दाखवते आणि मुलांना रानातही नेते. मला बोलावलं होतं म्हणून गेलो. एका मुलाने जुन्या वायरीचं चिबूड विणलं होतं. सुंदर होतं. मला आनंद झाला आणि त्याच्याखाली तीच जुनी टोचणी. वय झालं की हे विकार गळून पडतात असं मला वाटायचं. पडत नाहीत. फक्त ते ओळखीचे होतात.

बैठकीत जे जमलं नाही ते निदान बाईंच्या तोंडावर सांगावं म्हणून शालिनीला घेऊन इब्रामपूरला गेलो. कुंदा बाई ओट्यावर फागलां, म्हणजे कर्टोली, चिरत होत्या. केस पांढरे, हात तसेच. मी सांगायला लागलो तर त्यांनी मधेच थांबवलं.

"सर, ते मला त्याच दुपारी कळलं. तुम्ही त्या फळाकडे बघत नव्हता. बाकी सगळे बघत होते."

मी म्हणालो की गावात माझं कुणी ऐकत नाही, म्हणून आता मी लिहूनच काढणार आहे, तुमच्या नावानिशी. त्यांनी फागल्याच्या बिया काढत विचारलं, आणि वैजंतीला? तिचा विचार मी केलाच नव्हता. इतकी वर्षं मी गावापुढे, बाईंपुढे, शालिनीपुढे मनात उभा राहत आलो, त्या पोरीपुढे एकदाही नाही. बाई म्हणाल्या, ती चोपड्याला दिली आहे. माझ्याकडे येते कधीमधी. चवथीला घरात माटोळी बांधतात तेव्हा ती ओट्यावर जाऊन बसते, हात लावत नाही. आपल्या हाताने इतरांना बाधतं असं तिच्या डोक्यात आहे. सासूला वाटतं, सून फार सोवळ्याची.

चोपड्याला नदीच्या बाजूला त्यांचं घर. अंगणात जाळी वाळत होती. वैजंतीने मला ओळखलं, खुर्ची पुसून दिली, पाणी दिलं. थोराड, शांत बाई झाली आहे. सासू आत काहीतरी निवडत होती. मी पाणी प्यायलो आणि सांगितलं. भटजी, खिडकी, दारातला माझा प्रश्न, आणि तो का विचारला ते. ती उभीच होती. तिने मला पुन्हा विचारलं, जणू नीट ऐकू आलं नव्हतं.

"म्हणजे सर, तुम्ही माझा हेवा करत होता? बाईंचा नाही, माझा?"

"तुझा."

"मी दुसरीत होते."

"हो."

मला वाटलं ती रडेल, किंवा मला जायला सांगेल. दोन्हीसाठी मी तयार होऊन आलो होतो. ती हसायला लागली. आधी तोंडावर हात धरून, मग हात काढून. आत वळून म्हणाली, "आई, बाहेर या. आमच्या शाळेचे मास्तर आलेत. हे माझा हेवा करायचे."

सासू पदराला हात पुसत बाहेर आली. माझ्याकडे बघितलं, सुनेकडे बघितलं. "तुजो? मास्तरान? कित्याक गो?"

वैजंती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. "सांगा सर," ती म्हणाली. "सगळं सांगा. ते फळ कसं होतं ते पण."

मग मी सासूला सांगायला लागलो. देठापाशी साल कशी आत ओढलेली होती, खाली वजन कसं बसलं होतं, रंग कुठून आणला होता. सांगताना आत ती जुनी कळ आली. तशीच येऊ दिली आणि सांगत राहिलो.